शिडी धरणाऱ्यास नमस्कारातून सूट मिळणेबाबत

प्रति,
मे. कार्यकारी अधिकारीसाहेब,
कृष्णाघाट पाणीपुरवठा योजना,
मुक्काम सांगली.

अर्जदार : कृष्णात गुंडा देवकर, वय वर्षे ३४, धंदा उंचीवरील रंगकाम (सध्या बंद), राहणार कुंडल.

विषय : टाकीच्या शिडीवरून मी पडलो त्या प्रकरणाचे कागद दुरुस्त होणेबाबत, माझा बिल्ला नंबर ७ परत मिळणेबाबत, आणि शिडी धरणाऱ्या माणसास, वर माणूस असेपर्यंत, कोणासही नमस्कार करण्यातून सूट मिळणेबाबत.

संदर्भ : (१) माझे अर्ज, ता. २० जून, ८ ऑगस्ट व ३ ऑक्टोबर १९४९. (२) आपल्या कचेरीचे उत्तर, ता. १० नोव्हेंबर १९४९, एकूण ओळी तीन.

महोदय,

सविनय सादर करतो की, हा माझा चौथा अर्ज आहे. अक्षर वाकडे आहे कारण ते डाव्या हाताचे आहे. मागच्या अर्जांपैकी एकावर आपल्या कारकुनांनी 'अक्षर लागत नाही' असा शेरा मारला होता, म्हणून या खेपेस एकेक अक्षर सुटे काढले आणि त्यात चार दिवस गेले. कचेरीबाहेर अर्ज लिहून देणारे पुष्कळ बसतात. पण ते आधी 'अनाथ' आणि 'मायबाप' हे दोन शब्द घालतात व मग नाव विचारतात. मी अनाथ नाही. माझी आई कुंडलात जिवंत आहे आणि मायबाप म्हणायला तेवढी पुरे आहे.

१. माझे वडील कै. गुंडा देवकर हे शेती सांभाळून उन्हाळ्यात देवळांच्या शिखरांना सफेदी देत. मी त्यांच्या हाताखाली शिडीवर चढायला शिकलो. पुढे लढाईत पलटणीत भरती झालो, तेथे पूल बांधणाऱ्या तुकडीत पाच वर्षे काढली व सन १९४६ साली चांगल्या वर्तणुकीच्या दाखल्यासह घरी आलो. त्यानंतर आपल्या योजनेचे ठेकेदार श्री. लालासाहेब निकम यांच्याकडे उंचीच्या कामावर लागलो. आपल्या कचेरीने उंचीवर चढणाऱ्यांना पितळी बिल्ले दिले, त्यांत सात नंबरचा माझा होता. एवढ्या वर्षांत मी पडलो नव्हतो. हे फुशारकीसाठी लिहीत नाही. पडलो असतो तर पूर्वीच लिहिले असते.

२. उंचीच्या कामाला माणसे दोन लागतात, एक चढणारा व एक धरणारा. लोक वर पाहतात, त्यामुळे चढणाऱ्याचे नाव होते. पण जीव खाली असतो. माझी शिडी धरणारा इसम म्हणजे नाथाजी मानसिंग सुर्वे, राहणार रहिमतपूर, माझ्या धाकट्या बहिणीचे, राहीबाईचे, यजमान. नात्याने ते माझे दाजी, आणि वयाने माझ्याहून दोन वर्षांनी मोठे. त्यांना उंचीवर घेरी येते. घरच्या माळ्यावर गोवऱ्या काढायलासुद्धा ते चढत नाहीत, राहीबाईला चढवतात. पण जमिनीवर उभा राहिलेला तो माणूस खांबासारखा. त्यांनी धरलेली शिडी वाऱ्यात हललेली मला आठवत नाही.

३. आमच्या घराण्यात वडिलांपासून एक रीत आहे, ती साहेबांनी नीट ध्यानात घ्यावी, कारण सगळे प्रकरण तिच्यावर उभे आहे. चढणाऱ्याने वहाणा शिडीच्या पायाशी काढायच्या, आणि धरणाऱ्याने त्या आपल्या पायात घालून उभे राहायचे. वडील म्हणत, "दुसऱ्याच्या वहाणा पायात असल्या की माणूस इकडं-तिकडं जात न्हाई. त्येला त्या टोचत्यात." चढणारा खाली आला म्हणजे धरणाऱ्याने वहाणा काढून त्याच्यापुढे ठेवायच्या. तोवर काढायच्या नाहीत, मग पाऊस येवो, भूक लागो, की गावात आग लागो. दाजींचा पाय माझ्याहून मोठा असल्याने त्यांच्या टाचा मागे बाहेर राहत आणि बाकीचे लोक हसत. मी वरून खाली पाहिले की आधी त्यांच्या त्या टाचा पाहत असे. दिसल्या की ब्रश बुडवीत असे.

४. आता नमस्काराविषयी. ठेकेदार लालासाहेब यांचा कामावर सक्त हुकूम आहे की आपली, म्हणजे कार्यकारी साहेबांची, मोटार दिसली की हातातले टाकून, उभे राहून, दोन्ही हातांनी नमस्कार करायचा. संस्थान गेले, विलीन झाले, राजवाड्यातले मुजरे बंद झाले असे आम्ही ऐकले. परंतु ते मुजरे वाया जाऊ नयेत म्हणून बहुधा ठेकेदारांनी आमच्याकडे ठेवून घेतले. एप्रिल महिन्यात आप्पासो नावाचा मजूर रंगाचे पिंप ढवळत होता. ढवळणे सोडले की रंग खाली बसतो, म्हणून तो साहेबांची मोटार जाताना उठला नाही. दुसऱ्या दिवसापासून तो कामावर नव्हता. त्याला कोणी काढले हे आपणांस माहीत नसेल, आणि आपण काढायला सांगितले असे माझे म्हणणेही नाही. मी एवढेच सांगतो की आप्पासो गेल्यानंतर मोटारीचा भोंगा लांबून वाजला तरी साऱ्या कामावरचे हात एकदम वर जात.

पलटणीत गोऱ्या अंमलातसुद्धा असे नव्हते. काम करणाऱ्या टोळीतल्या मुकादमाने एकट्याने सलाम करायचा; ज्याच्या हातात दोर, दांडा किंवा शिडी आहे त्याला सलाम माफ. जनरल येऊन गेले तरी आम्ही पुलाचा दोर सोडला नाही आणि जनरलही रागावले नाहीत. त्यांना पूल हवा होता.

५. तारीख १६ मे १९४९, वार सोमवार, सकाळी सुमारे दहा वाजता. टाकीला तांबडा पहिला हात देणे चालू होते. ठेक्याच्या कागदात उभे राहून काम करायला बांबूची परांची बांधण्याचे आहे, ती बांधलेली नव्हती. टाकीला लोखंडी जिनाही आहे, पण तो नकाशात आहे, टाकीला नाही. म्हणून वेळूच्या दोन शिड्या काथ्याने एकीला एक बांधून मी वर होतो. जोडाच्या वर असल्याने शिडी खालून घट्ट धरलेली असणे जरूर होते. मी वहाणा काढल्या, दाजींनी घातल्या. सुमारे अठरा हात उंचीवर डावा हात शिडीला व उजवा ब्रशला असे माझे काम चालले होते.

भोंगा वाजला. वरून मला साहेबांची काळी मोटार दिसली. मी खाली पाहिले, दाजींच्या टाचा पाहायला. तर दाजी शिडीपासून दोन हात बाजूला झालेले, अनवाणी, रस्त्याकडे तोंड करून, दोन्ही हात जोडून उभे. माझ्या वहाणा त्यांच्याशेजारी नीट जोडीने लावलेल्या. मी हाक मारली. पण शिडीने तोपर्यंत तोंड फिरवले होते.

मी वाळूच्या ढिगावर पडलो म्हणून हा अर्ज लिहीत आहे. सिमेंटच्या पोत्यांवर पडलो असतो तर आईने अंगठा केला असता.

६. पुढचा मजकूर लिहिताना मला जड जाते, तरी लिहितो. वाळूवर पडलेल्या जागेवरून मला रस्ता दिसत होता. आपली मोटार कडुलिंबाजवळ थांबली होती. मागची धूळ पुढे येऊन बसली तरी मोटार तेथेच होती. आपण मागच्या काचेतून वळून पाहिलेत. मी आपला चष्मा पाहिला. लोक मला उचलू लागले तेव्हा मी त्यांना म्हणालो, "थांबा रं, गडबड करू नका, सायबांची गाडी हाय न्यायला." माझ्या तोंडचे हे शब्द तेथल्या सर्वांनी ऐकले आहेत. मला खात्रीच होती. ज्या माणसासाठी पडलो तो घेऊन जाईल असे मनात धरून मी हात पोटाशी घेऊन पडून राहिलो. मोटार सुरू झाली आणि गेली. मग मला रंगाची पिंपे वाहायच्या हातगाड्यावर घालून दवाखान्यात नेले. अंगाला लागलेला तांबडा रंग पाहून डॉक्टरांना आधी वाटले की सगळे रक्तच आहे.

साहेब, हाड मोडल्याचे दुःख सहा आठवड्यांत गेले. ती मोटार सुरू झाल्याचा आवाज अजून जात नाही.

७. दवाखान्यात दाजी तिसऱ्या दिवशी आले. खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले, बसेनात. त्यांचे शब्द जसेच्या तसे देतो, कारण पुढे त्यांचे दुसरेच शब्द कागदावर आलेले आहेत. ते म्हणाले, "पाव्हणं, गाडी आली आन् हात आपसूक जुळलं. मला कळलंच न्हाई." मी विचारले, हात जुळले ते समजले, पण वहाणा का काढल्या? तर म्हणाले, "आवं, पायांत वहाणा ठिवून सायबाला नमस्कार कसा करायचा? बरं दिसतं का त्ये?" एवढे बोलून ते लहान मुलासारखे रडले.

हे ऐकून मला राग आला नाही, हे मी खरे सांगतो. आप्पासो गेल्यापासून कामावर सगळ्यांचीच ती गत झाली होती. माझ्या हातात शिडी असती तर मीही कदाचित तेच केले असते, फक्त वहाणा काढायला विसरलो असतो. मी दाजींना म्हणालो, जे झाले ते तसेच सांगा, म्हणजे पुढच्याचा जीव वाचेल. ते म्हणाले, "सांगतो. राहीची आन." माझ्या बहिणीची शपथ घेतली म्हटल्यावर मी तो विषय सोडला आणि झोपलो. पडल्यापासून पहिल्यांदा झोप लागली.

८. त्यानंतर दहाव्या दिवशी ठेकेदारांच्या बैठकीत दाजींचा जबाब झाला, त्याची नक्कल मी सोबत जोडली आहे. जबाबात लिहून दिले आहे की, 'मी शिडी दोन्ही हातांनी घट्ट धरून उभा होतो. अर्जदार कृष्णात याने वर असता दोन्ही हात सोडून बिडी पेटवली व तोल जाऊन पडला. रस्त्याने कोणतीही मोटार गेली नाही.' खाली नाथाजी मानसिंग सुर्वे यांच्या डाव्या हाताचा अंगठा.

याबाबत माझे म्हणणे खालीलप्रमाणे :

(अ) मी बिडी ओढत नाही. पलटणीत फुकट मिळत होती तेव्हाही ओढली नाही, शेजारच्याला दिली. कुंडलातील कोणाही माणसास विचारावे. माझ्याशी वैर असलेल्यासही विचारावे.

(ब) दोन हातांनी बिडी पेटवली तर ब्रश कोठे होता? पंचनाम्यात ब्रश 'अर्जदाराच्या उजव्या मुठीत, सोडवावा लागला' असा लिहिला आहे. पडतानासुद्धा मी आपल्या योजनेचा ब्रश सोडला नाही.

(क) त्याच पंचनाम्यात, ठेकेदारांच्याच माणसांनी, शेवटच्या ओळीत लिहिले आहे : 'वहाणा एक जोड, जुन्या, शिडीच्या पायापासून दोन हातांवर, नीट लावलेल्या.' त्या वहाणा माझ्या. आमची रीत साऱ्या कामाला ठाऊक आहे. दाजी शिडी धरून उभे असते तर त्या वहाणा त्यांच्या पायांत असत्या. पडलेल्या माणसाच्या वहाणा आपण होऊन चालत जाऊन जोडीने बसत नाहीत. पंचनामा लिहिणाऱ्याला रीत माहीत नसावी, किंवा माहीत असून त्याने तेवढी एक ओळ माझ्यासाठी ठेवली असावी. तसे असेल तर त्याचे कल्याण होवो.

९. बिडीचा डाग लागल्यामुळे मला 'उंचीवरील कामास नालायक, बेफिकीर' असे ठरवून बिल्ला काढून घेण्यात आला. तीन अर्ज केले. उत्तर तीन ओळींचे आले. पहिल्या ओळीत माझा अर्ज पोहोचला असे आहे. दुसरीत, सदर दिवशी साहेब कराड मुक्कामी दौऱ्यावर असल्याचे दौऱ्याच्या वहीवरून दिसते, सबब मोटारीचा प्रश्न उद्भवत नाही. तिसरीत, प्रकरण निकालात काढले आहे.

वहीबद्दल मला काही म्हणायचे नाही. आपण कराडला गेलाच असाल. परंतु सांगलीहून कराडला निघालेली मोटार आपल्याच टाकीसमोरून जाते, हे आपल्या कचेरीत कोणालाच सुचू नये याचे नवल वाटते. माणूस दहा वाजता टाकीवर आणि दुपारी कराडात, असे असू शकते. वहीही खोटी ठरत नाही आणि मीही खोटा ठरत नाही. मी आपणांस सुटायची वाट दाखवत नाही. मला बिडीतून सुटायची वाट हवी आहे.

त्या दिवशी टाकीवरून आपली मोटार पाहणारा मी होतो आणि मोटारीतून मला पाहणारे आपण होता. मला नालायक ठरवून झाले आहे, त्यामुळे आता साक्षीदार आपण एकटेच उरला आहात. दाजींनी नातेवाईक असून हात काढून घेतला. ठेकेदार ठेकेदारच आहेत. पण आपण सरकारी माणूस, शिकलेले, चष्मा लावणारे. स्वराज्य आल्यावर खुर्चीतला माणूस आपला असेल असे आम्हांला पलटणीत सांगत. त्या खुर्चीतल्या माणसाने मला पडताना पाहिले आणि तीन ओळी लिहवून घेतल्या. साहेब, माझा विश्वासघात झाला आहे. या शब्दापेक्षा सौम्य शब्द मी चार दिवस शोधला, मिळाला नाही.

१०. झाले ते झाले, परंतु पुढे असे होऊ नये म्हणून शिडीच्या कामाबाबत खालील नियम सर्व ठेकेदारांना लागू करावेत आणि पत्र्यावर रंगवून प्रत्येक शिडीच्या पायाशी लावावेत. पत्रा मी फुकट रंगवून देईन, डाव्या हाताने.

शिडी धरणाऱ्याने वर माणूस असेपर्यंत कोणासही नमस्कार करू नये. यात साहेब, मोठे साहेब, मंत्री, गुरुजी, सासरे, कीर्तनकार, देवाची पालखी व गुडघ्याला माती लावून आलेला पैलवान हे सर्व आले. नमस्कार न केल्याबद्दल कोणीही मनात राग धरू नये. फारच मोठा माणूस असेल तर धरणाऱ्याने डोळे मिटून उघडावेत आणि तो नमस्कार समजावा. मोटारीतील माणसास आदर हवाच असेल तर त्याने उतरून शिडीचा दुसरा दांडा धरावा, म्हणजे धरणाऱ्याचा एक हात मोकळा होईल व तो त्या हाताने सलाम करील. भोंगा टाकीपासून शंभर हातांवर वाजवू नये. दोन शिड्या काथ्याने जोडू नयेत. नकाशातला जिना टाकीला लावावा. जबाब घेताना धरणाऱ्यास ठेकेदाराच्या बैठकीत बसवू नये, शिडीखाली उभे करून विचारावे, तेथे खोटे बोलवत नाही असा माझा अनुभव आहे.

यातील काही नियम आपणांस हास्यास्पद वाटतील. मलाही लिहिताना वाटले. पण मी अठरा हातांवरून आलो आहे, त्यामुळे कशाला हसावे हे मला आता नीटसे कळत नाही.

११. येथवर अर्ज ता. ७ रोजी लिहून झाला होता. पुढचे कलम नंतरचे आहे, आणि ते तातडीचे आहे.

ता. ८ डिसेंबर, गुरुवारी, माझी बहीण राहीबाई रहिमतपूरहून गाडीने कुंडलास आली. दिवाळीत ओवाळायला आली नव्हती. उंबऱ्याच्या आत आली नाही, तेथेच उभी राहून बोलली. "दादा, तुला तोंड दाखवायला जागा न्हाई मला. पर ऐक. ह्यांस्नी ठेकेदारानं सांगितलं, सायबाचं नाव घेतलंस तर शिडी सोडली म्हणून तूच आत जाशील. आन् बिडीचं बोललास तर कृष्णातचा बिल्ला तुला. ह्यांनी अंगठा दिला. तवापासनं धड जेवत न्हाईत. आता त्यो बिल्ला गळ्यात हाय आन् पंचवीस तारखेला वर चढायचं हाय. दादा, त्यांस्नी माळ्यावर चढवत न्हाई रं." आईने तिला पाणी दिले. ती प्यायली नाही.

बिल्ला नंबर ७ दाजींना दिला आहे, हे मला अशा रीतीने कळले. आपल्या कचेरीने तीन ओळींत ही चौथी लिहिली नव्हती. ज्या माणसाला माळ्यावर घेरी येते त्याला खोट्या अंगठ्याचे बक्षीस म्हणून टाकीवर चढवणार आहेत. मी पहिल्यांदा हसलो, आणि मी हसलो हे पाहून राहीबाई घाबरली.

ती येताना टाकीच्या उद्घाटनाची छापील पत्रिका घेऊन आली होती, ती सोबत जोडली आहे. रविवार ता. २५ डिसेंबर, सकाळी दहा. पत्रिकेत म्हटले आहे, 'पाहुण्यांचे आगमन होताच टाकीच्या माथ्यावरील नामफलकावरचा पडदा दूर करण्यात येईल.' साहेब, पडदा दूर करण्यात येत नाही. वर एक माणूस शिडीवर उभा राहून तो ओढतो. त्या दिवशी तो माणूस दाजी. आणि शिडी धरायला ठेकेदारांनी रोजचा नवा गडी ठेवला आहे, ज्याला आमची रीत माहीत नाही, पण ठेकेदारांचा हुकूम पाठ आहे. पाहुणे येणार. मोटारी एक नव्हे, दहा येणार. भोंगे वाजणार. 'पाहुण्यांचे आगमन होताच', म्हणजे दाजी सर्वांत वर असतील नेमक्या त्याच क्षणी, खालच्या मैदानातला एकूण एक माणूस उभा राहून दोन्ही हात जोडील. त्यात शिडी धरणाराही असेल. तेथे वाळूचा ढीग आता नाही. मैदान साफ करून फरशी घातली आहे.

हे घडणार आहे. मी ज्योतिषी नाही. मी ते एकदा वरून पाहिले आहे.

१२. सबब, वरील सर्व मागण्यांना वेळ लागणार असेल तर त्या बाजूला ठेवाव्यात. पंचनामा तसाच राहू द्यावा. बिल्ला दाजींच्या गळ्यात राहू द्यावा. बिडी मी ओढली असेही हवे तर लिहून देतो. फक्त एक मागणी ता. २५ पूर्वी मंजूर व्हावी : त्या दिवशी दाजींना वर चढवूच नये. आणि चढवणारच असाल, तर त्यांची शिडी धरायला मला उभे करावे.

याचा अर्थ मी त्यांना माफ केले असा कोणी घेऊ नये. मी माफ केलेले नाही. बहिणीची शपथ घेऊन त्यांनी अंगठा दिला, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही आणि हे सरकारी कागदावर राहावे अशी माझी इच्छा आहे. ते खाली उतरले की मी त्यांच्याशी बोलणार नाही. पण ते खाली उतरले पाहिजेत, पायऱ्यांनी. राहीबाईचे कुंकू मला खोट्या जबाबापेक्षा मोठे आहे.

रीतीप्रमाणे दाजींनी आपल्या वहाणा शिडीच्या पायाशी काढाव्यात. मी त्या घालीन. त्या मला मोठ्या होतील, तरी मी हलणार नाही.

मी मोडक्या हाताचा माणूस शिडी कशी धरणार, अशी शंका ठेकेदार काढतील. तिचे उत्तर डॉक्टरांनी दिले आहे. उजव्या हाताची दोन्ही हाडे जुळली, पण तिरकी जुळली. टाक धरता येत नाही, दांडा मात्र पक्का धरता येतो. मूठ पूर्वीसारखीच आवळते. फक्त तळवा कायमचा बाहेरच्या बाजूस वळून बसला आहे, तो आत फिरत नाही. डाव्या तळव्याला तो भेटत नाही. देवापुढे उभा राहिलो तरी माझे दोन हात आता जुळत नाहीत. आईने दोन महिने तेल चोळून पाहिले.

त्या दिवशी मंत्री येवोत की आपण येवोत, त्या मैदानात नमस्कार न करू शकणारा माणूस मी एकटाच असेन. शिडी धरण्यास माझ्याइतका लायक माणूस आपल्या योजनेत दुसरा नाही. असा माणूस घडवायला आपल्या योजनेला एक पडझड लागली. ती वाया घालवू नये.

अर्जाच्या शेवटी हात जोडून विनंती करण्याची पद्धत आहे. ती येथे पाळता येत नाही, त्याबद्दल रागावू नये.

आपल्याच टाकीवरून पडलेला, नम्र अर्जदार,

कृष्णात गुंडा देवकर
(सही डाव्या हाताची)

मुक्काम कुंडल
तारीख १२ डिसेंबर १९४९, सोमवार

सोबत :
१. पंचनाम्याची नक्कल, शेवटची ओळ तांबड्या शाईने अधोरेखित केली आहे.
२. नाथाजी मानसिंग सुर्वे यांच्या जबाबाची नक्कल.
३. उद्घाटनाची पत्रिका.
४. पलटणीतून मिळालेला चांगल्या वर्तणुकीचा दाखला. वाचून परत करावा.
५. अर्जदाराचे दोन्ही हात जुळत नाहीत याबद्दल डॉक्टरांचा दाखला. हा ठेवून घ्यावा.